पुढचा लॅपटॉप झाकणाखाली दिसतो

"मामा, नवं डिझाइन येतंय म्हणे. थांबू का?"

हा प्रश्न मला वर्षातून दोनदा ठरलेला. एकदा जून-जुलैत कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की, आणि एकदा दिवाळीच्या ऑफरी लागल्या की. या खेपेला विचारणारा भाचा होता, नाशिकहून. सोबत एक चित्र पाठवलेलं: चारी बाजूंनी पडदाच पडदा असलेला, पोह्याच्या चमच्याएवढ्या जाडीचा लॅपटॉप. कुणा हौशी माणसाने रंगवलेला. ज्या कंपनीचा म्हणून तो फिरत होता, तिथल्या कुणी तो बघितलाही नसेल.

असली चित्रं मलाही आवडतात. पण ती काढणाऱ्याला बॅटरी कुठे ठेवायची याची चिंता नसते. त्याचं यंत्र तापत नाही, त्याची बिजागरी कधी ढिली होत नाही. पुढचं डिझाइन ओळखायचं तर मी सध्याच्या यंत्राच्या झाकणाखाली बघतो. कारण संगणकाचं आतडं आधी बदलतं आणि कातडं मागाहून.

२०२० सालचंच बघा. त्या वर्षी ॲपलने मॅकबुक एअर दोनदा आणला. मार्चमधला इंटेलच्या चिपचा, नोव्हेंबरमधला ॲपलच्या स्वतःच्या एम१ चिपचा. दोन्ही शेजारी ठेवले तर कुठला कुठला ते बाहेरून सांगता येऊ नये. आकार तोच, बॅटरीही तेवढीच, ४९.९ वॅट-तासांची. (वॅट-तास म्हणजे टाकीत किती वीज मावते त्याचं माप, १० वॅटचा एलईडी बल्ब एवढ्या विजेवर पाच तास चालेल.) पण कंपनीच्याच मोजणीनुसार पहिल्यावर सिनेमा १२ तास चालायचा, दुसऱ्यावर १८ तास. शिवाय दुसऱ्यात पंखाच नव्हता. उष्णता पसरवायला ॲल्युमिनियमचा एक पत्रा, बस्स.

म्हणजे आतून यंत्र पार बदललं होतं आणि बाहेरून मात्र २००८ पासूनची तीच पाचर, मागे जाड आणि पुढे निमुळती. ही पाचर मुळात नजरबंदी होती. जानेवारी २००८ मध्ये ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी पाकिटातून लॅपटॉप बाहेर काढला, तेव्हा त्याची पुढची कड ०.४ सेंटीमीटर होती आणि सगळ्यात जाड भाग १.९४. लोकांच्या लक्षात कड राहिली. पुढे एम१ मुळे पंखा गेला, चिपची भूक कमी झाली आणि मागच्या जाड भागाची गरजच संपली. २०२२ च्या जुलैत एअर सपाट होऊन दुकानात आला, इथून तिथून १.१३ सेंटीमीटर. आतडं आणि कातडं यांत वीस महिन्यांचं अंतर पडलं.

मॅक मिनी या ॲपलच्या छोट्या डेस्कटॉपच्या बाबतीत तर चार वर्षं. २०२० मध्ये त्यातही एम१ आली, पण डबा जुनाच, जवळजवळ २० सेंटीमीटर चौरस. उघडला तर आत निम्मी जागा मोकळी. घरात दोघंच उरल्यावरही पंचवीस माणसांचं पातेलं चुलीवर असावं, तसं. तो डबा आकसून १२.७ सेंटीमीटरचा व्हायला २०२४ चा ऑक्टोबर उजाडला. या चार वर्षांत ज्याने कुणी झाकण उघडून बघितलं असेल, त्याला पुढचं डिझाइन आतल्या त्या मोकळ्या जागेत दिसलं असणार.

आता प्रश्न असा, की आज कुठल्या यंत्रात आतडं बदललंय आणि कातडं अजून बदलायचंय?

त्याआधी एक गोष्ट बाजूला ठेवू. पडदा वर, कळफलक खाली, मध्ये बिजागरी हा ढाचा जाणार नाही असं माझं ठाम मत आहे. हा ढाचा १९८२ च्या ग्रिड कंपास या यंत्रापासूनचा. त्यात कळफलक मागे सरकवून पुढे मनगट टेकायला जागा सोडायची कल्पना १९९१ च्या ॲपल पॉवरबुकने रुळवली. तेव्हापासून लॅपटॉपची बैठक तीच आहे, कारण माणसाचे हात आणि डोळे तिथल्या तिथेच आहेत. मधल्या काळात चमत्कार पुष्कळ झाले. १९९५ मध्ये आयबीएमने थिंकपॅड ७०१ काढला. झाकण उघडलं की दोन तुकड्यांतला कळफलक सरकत सरकत एकमेकांत बसायचा आणि यंत्रापेक्षा रुंद व्हायचा. बघणारा थक्क व्हायचा. पण तो उपाय होता लहान पडद्यांवरचा, म्हणजे अरुंद अंगात पूर्ण रुंदीचा कळफलक बसवण्याचा. लवकरच पडदे मोठे झाले, अंग रुंद झालं, अडचणच सुटली. अडचणीबरोबर उपायही गेला.

घडीच्या आणि गुंडाळीच्या पडद्यांकडे मी याच नजरेने बघतो. जानेवारी २०२५ मध्ये लेनोवोने गुंडाळीच्या पडद्याचा थिंकबुक दाखवला. एक कळ दाबली की १४ इंची पडदा मोटरच्या जोरावर वर सरकतो आणि १६.७ इंची होतो. दुकानाचं शटर वर जावं तसं, फक्त इथे शटर वर गेलं की दुकान मोठं होतं. किंमत सुमारे साडेतीन हजार डॉलर. इंजिनिअरिंग म्हणून सलाम. पण मोटर, रूळ आणि वाकणारा पडदा हे सगळं रोज पाठीवरच्या सॅकमध्ये लोकलने हिंडणार आहे, हे लक्षात घेतलं की मी तरी थोडा थांबेन.

आता झाकण उघडू. साध्या लॅपटॉपच्या तळाला आठ-दहा स्क्रू असतात. ते काढून पत्रा उचलला की पहिल्यांदा बघणारा हमखास म्हणतो, "एवढंच?" खालचा जवळजवळ निम्मा भाग म्हणजे काळी चपटी बॅटरी. वरच्या पट्टीत मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड, त्यावर च्युइंगगमच्या पट्टीएवढा एसएसडी, ज्यात फायली साठतात. कोपऱ्यात पंखा. चिपपासून पंख्यापर्यंत गेलेली एक चपटी तांब्याची नळी. ज्याला आपण कॉम्प्युटर म्हणतो तो हाताच्या पंजाएवढा. बाकी सगळी त्याची शिदोरी आणि मोरी.

शिदोरी म्हणजे बॅटरी. ती किती मोठी करायची यावर विमानतळाचा पहारा आहे. विमानात प्रवाशाने सोबत न्यायच्या यंत्रातली लिथियम बॅटरी १०० वॅट-तासांपर्यंत विनापरवानगी चालते. त्यावर १६० पर्यंत विमान कंपनीची मंजुरी लागते. म्हणून २०१९ चा १६ इंची मॅकबुक प्रो नेमका १०० वर थांबला आणि बाकीचे दांडगे लॅपटॉपही ९९ च्या आसपास घुटमळतात. "दोन दिवस चालणारा लॅपटॉप येणार" अशी बातमी दिसली, तर बॅटरी वाढणार असा तिचा अर्थ घेऊ नका. टाकी वाढत नाही, फार तर नळ बारीक होतो. चिप आणि पडदा कमी वीज पितील तेवढीच बचत.

मोरी म्हणजे उष्णता बाहेर टाकायची व्यवस्था. ती तांब्याची नळी पोकळ असते आणि आत चिमूटभर पाणी असतं. हवा काढून घेतल्यामुळे ते कमी तापमानालाच उकळतं. चिपच्या टोकाला वाफ होते, वाफ पंख्याच्या टोकाला धावते, तिथे गार होऊन पुन्हा पाणी बनते आणि नळीच्या आतल्या जाळीतून वातीसारखं झिरपत परत येतं. ही ये-जा न थांबता चालू असते.

पंखा काढून टाकला की उष्णता नुसत्या पत्र्यातून जाते, आणि इथे आपल्या हवेचा हिशोब येतो. समजा पत्रा ४५ अंशांपर्यंत तापू दिला, त्यापुढे मांडीला चटका बसेल. खोली २५ अंशांची असेल तर फरक २० अंशांचा. खोली ४० ची असेल तर फरक उरला ५. उष्णता साधारण या फरकाच्या प्रमाणात बाहेर पडते, म्हणजे तेच यंत्र आता पाव हिश्शाचीच उष्णता टाकू शकतं. बाकीची आत साचू नये म्हणून चिप स्वतःचा वेग कमी करते. ॲपलच्या लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान १० ते ३५ अंश असं छापलेलं असतं. मे महिन्यातल्या नागपूर-चंद्रपूरला हे वाचून दाखवा. "बिनपंख्याचा, शांत" ही जाहिरात पुण्याच्या डिसेंबरात खरी असते. विदर्भात पंखावाला घ्यावा, आणि त्यात कमीपणा मानू नये.

उष्णतेने भल्याभल्यांची डिझाइनं मोडली आहेत. ॲपलचा २०१३ चा दांडगा डेस्कटॉप, मॅक प्रो, काळ्या गुळगुळीत नळकांड्यासारखा होता. लोक त्याला कचऱ्याची बादली म्हणायचे. आत तीन बाजूंनी तीन बोर्ड, मध्ये एक उष्णता शोषणारा गाभा, वर एक पंखा. दोन मध्यम ग्राफिक्स चिपच्या हिशोबाने सगळं बेतलेलं. बाजार गेला एकाच मोठ्या, तापट चिपकडे. ती या नळकांड्यात बसेना. २०१७ मध्ये ॲपलने पत्रकारांना बोलावून कबूल केलं, की आम्ही स्वतःला उष्णतेच्या कोपऱ्यात अडकवून घेतलं. २०१९ मध्ये ते मुकाट्याने चौकोनी टॉवरकडे परत आले.

उलट बाजूचा किस्सा इंटेलचा. डेस्कटॉपच्या मदरबोर्डची आजची मांडणी, एटीएक्स, इंटेलने १९९५ मध्ये आणली. त्यांची पेंटियम ४ ही चिप फार तापायला लागली तेव्हा २००४ च्या सुमारास इंटेलने बीटीएक्स नावाची नवी मांडणी आणली, हवा थेट चिपवरून जावी म्हणून. तेवढ्यात त्यांच्याच कोअर चिप आल्या, त्या थंड निघाल्या आणि बीटीएक्सची गरजच उरली नाही. एटीएक्स अजून नांदतेय. तापट चिपसाठी घर बांधायला घ्यावं आणि चिपच सुधारावी, असं झालं.

आता खरी गंमत मेमरीची, म्हणजे रॅमची. पुढच्या दोन-तीन वर्षांतलं सगळ्यात मोठं भांडण इथे आहे.

जुन्या लॅपटॉपमध्ये रॅमची पट्टी खाचेत तिरकी घालायची आणि दाबायची, की 'टक्' करून बसायची. दुकानातला पोरगा दोन मिनिटांत ८ ची १६ जीबी करून द्यायचा. आज बहुतेक पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावर कायमची डाख देऊन बसवलेली असते. लोक म्हणतात ही कंपन्यांची लबाडी. थोडी आहेच; वाढीव मेमरीचे जे दर लावतात ते बघून कुणीही म्हणेल. पण त्यात भौतिकशास्त्रही आहे. आजची वेगवान मेमरी एका तारेवरून सेकंदाला ८५३ कोटी बिट पाठवते. एका बिटच्या वाट्याला जो क्षण येतो, तेवढ्यात बोर्डावरचा संकेत जेमतेम पावणेदोन सेंटीमीटर जातो. पेराएवढं अंतर! अशा शंभराहून जास्त तारा शेजारी शेजारी धावताहेत आणि सगळ्यांनी एकाच वेळी पोचायचंय. मध्ये खाच आली, तार लांबली, वळण पडलं, की बिट एकमेकांत मिसळतात. म्हणून मेमरी चिपच्या जवळ जवळ सरकते आहे. काही यंत्रांत तर एकाच तुकड्यावर जाऊन बसली आहे.

ही नुसती सबब नाही याचा पुरावा फ्रेमवर्कने दिला. ही कंपनी निघालीच मुळी कुणालाही उघडून दुरुस्त करता येतील असे लॅपटॉप बनवायला. २०२५ मध्ये त्यांनी एक छोटा डेस्कटॉप काढला आणि त्यातली मेमरी पक्की डाख दिलेली निघाली. त्यांनी सांगितलं, की चिप बनवणाऱ्या एएमडीच्या इंजिनिअरबरोबर बसून काढता येणारी मेमरी लावायचा प्रयत्न केला, पण २५६ तारांच्या त्या वेगात संकेत शुद्ध राहिना. जो माणूस स्क्रूवर पोट भरतो तोच डाख देतो म्हणतोय, तर ऐकलं पाहिजे.

तरीही मी आशा सोडलेली नाही. खाचेत खुपसायच्या ऐवजी चपटी ठेवून स्क्रूने दाबून बसवायची एक नवी तऱ्हा आली आहे, तिला कॅम म्हणतात. तिची कल्पना डेलमधली. २०२३ च्या अखेरीस ती सगळ्या उद्योगाचं प्रमाण झाली, आणि २०२४ मध्ये लेनोवोच्या थिंकपॅड पी१ मध्ये तिची कमी वीज खाणारी बहीण दिसली. संकेताची वाट आखूड आणि मेमरी बदलता येते, दोन्ही साधतं. माझा अंदाज: महागड्या, कामाच्या लॅपटॉपमध्ये कॅम रुळेल, स्वस्त आणि पातळ यंत्रांत डाखच राहील. त्यात २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी अशी काही ओढून घेतली, की मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रुशल हा ग्राहकांसाठीचा आपला जुना ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. थांबू का विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. थांबल्याने डिझाइन नवं मिळेल, मेमरी स्वस्त मिळेलच असं नाही.

आता पडदा. अफवा सगळ्यात जास्त इथेच, आणि मला वाटतं खऱ्याही इथेच जास्त आहेत. साध्या एलसीडी पडद्यामागे एक दिवा असतो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो. मागचा दिवा गेला की झाकण पातळ होतं आणि काळा रंग खरोखर काळा दिसतो. विंडोजच्या लॅपटॉपमध्ये ते कधीच आलं. अडचण एकच: जो ठिपका सतत पेटतो तो लवकर म्हातारा होतो. फोनवर चित्र हलतं असतं. संगणकावर वरची पट्टी, खालची पट्टी दहा-दहा तास जागची हलत नाही. पुढे त्यांचा डाग पडतो. यावर उपाय म्हणजे दोन थर एकावर एक. प्रत्येकाने निम्मं काम करायचं, म्हणजे दोघंही जास्त जगतात. ॲपलने २०२४ च्या आयपॅड प्रोमध्ये हेच केलं आणि १३ इंची यंत्र ५.१ मिलिमीटरवर आणलं. आतडं तयार आहे. लॅपटॉपचं कातडं मागून येणार.

दुसरा पुरावा कोरियात. पडदे भल्यामोठ्या काचेवर बनतात आणि मग कापतात. फोनसाठी वापरात असलेली काच साधारण दीड मीटर बाय एक मीटर ८५. लॅपटॉपचे मोठे तुकडे त्यातून काढले तर कडेची चिंधी फार जाते. शिंप्याला विचारा, पन्हा लहान असला की काय होतं. एप्रिल २०२३ मध्ये सॅमसंग डिस्प्लेने आसान इथे ४.१ लाख कोटी वॉन घालून मोठ्या पन्ह्याचा कारखाना उभारायचं जाहीर केलं. २.२९ बाय २.६२ मीटरची काच, खास लॅपटॉप-टॅब्लेटसाठी, लक्ष्य २०२६. एवढा पैसा हौसेखातर कुणी घालत नाही. कुठल्या ब्रँडचं नाव अफवेत आहे ते सोडा. कारखान्याची काच किती मोठी आहे ते बघा.

तारखांवर मात्र विश्वास ठेवू नका. ब्लूमबर्ग वृत्तसंस्थेचे पत्रकार मार्क गुरमन यांनी जानेवारी २०२३ मध्ये लिहिलं होतं, की ॲपल टच पडद्याच्या मॅकवर काम करतंय आणि तो २०२५ मध्ये येऊ शकेल. २०२५ आलं, गेलं, पडदा आला नाही. दिशा बरोबर असूनही तारीख चुकते, हे अशा बातम्यांचं नेहमीचंच. स्टीव्ह जॉब्ज २०१० मध्ये म्हणाले होते, की उभ्या पडद्यावर बोटं चालवत बसलं की हात गळून येतो. ते खरंच आहे. भिंतीला चुना लावून बघा. पण विंडोजवाल्यांचा अनुभव असा, की माणूस दिवसभर हात वर धरत नाही. मधेच एकदा पान सरकवतो, एक बटण दाबतो, पुन्हा कळफलकावर येतो. तेवढ्यासाठी टच बरा असतो.

जाडीबद्दल एक शब्द. ती आता फारशी कमी होणार नाही. २०१५ ते २०१९ मध्ये ॲपलने कळफलक एवढा चपटा केला, की धुळीच्या कणाने कळ अडायची. अमेरिकेतल्या दाव्यात २०२२ मध्ये ५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. २०२१ चा १६ इंची प्रो आधीच्यापेक्षा जाड निघाला, १.६२ वरून १.६८ सेंटीमीटर, आणि टीव्ही-प्रोजेक्टर जोडायची एचडीएमआयची खाच परत आली. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या.

कायदाही आकार ठरवतो. युरोपीय संघात २८ एप्रिल २०२६ पासून लॅपटॉपलाही यूएसबी-सी चार्जिंग सक्तीचं, आणि १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या यंत्रांतली बॅटरी ग्राहकाला साध्या हत्यारांनी काढता-बसवता आली पाहिजे असा नियम. जगभर विकायचं यंत्र दोन तऱ्हांनी बनवणं महाग पडतं, म्हणून डिंकाने चिकटवलेल्या बॅटऱ्या आपल्याकडेही कमी होतील असं वाटतं.

डेस्कटॉपचं थोडक्यात सांगायचं तर मधला डबा मरेल. घरच्या, ऑफिसच्या कामाला पोळीच्या डब्याएवढं यंत्र पुरतं. दुसऱ्या टोकाला खेळणारे आणि एआयवाले, ज्यांचं एकटं ग्राफिक्स कार्ड ४५०-५७५ वॅट ओढतं, म्हणजे मिक्सरएवढं, आणि तेही तासन्‌तास. त्यांचा टॉवर वाढतच जाणार.

हे सगळं भाच्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मामा, थांबू का नको, एवढंच सांग ना." म्हटलं, कॉलेज थांबणारे का? मग घे. रॅम १६ जीबीच्या खाली नको, आणि घ्यायच्या आधी तळाचे स्क्रू मोजून ये, म्हणजे पुढे उघडता येईल की नाही ते कळेल. त्याने दुकानातून उपड्या लॅपटॉपचा फोटो पाठवला. दहा होते, साधे.

तो घरी आल्यावर आमची पैज लागली. तीन वर्षांत त्याच्या चित्रातला चमच्याएवढा लॅपटॉप दुकानात आला, तर मिसळ माझ्याकडून. आत्ताच्याएवढाच जाड, ओएलईडी पडद्याचा आणि स्क्रू काढून बॅटरी बदलता येणारा आला, तर त्याच्याकडून.

"आणि टचचा मॅक?"

तिथे मी निम्मीच मिसळ लावली आहे.